सनद पाच वर्षांची, कर्ज पस्तीस वर्षांचे : चार्टर शाळांच्या इमारतींसाठी राज्याने रोखे काढावेत का?

सांजवात (धागालेखिका)

नोव्हेंबर 2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 2 मंजूर केले आणि शाळा व कम्युनिटी कॉलेजांच्या इमारतींसाठी 10 अब्ज डॉलरचे रोखे काढण्याची मुभा राज्याला मिळाली. त्यातले 60 कोटी डॉलर चार्टर शाळांसाठी आहेत. अमेरिकेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की चार्टर शाळा फी घेत नाही आणि सरकारी पैशावर चालते, मात्र तिचा कारभार स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडे, नसून स्वतंत्र संचालक मंडळाकडे असतो. तिला मिळणारी सनद, म्हणजे शाळा चालवण्याची परवानगी, साधारणपणे पाच वर्षांची असते.

मी प्रस्तावाला मत दिले, पण या 60 कोटींबद्दल मनात अढी ठेवूनच, कारण मतपत्रिकेवर ते वेगळे काढून नाकारण्याची सोय नव्हती. राज्याच्या विधिमंडळ विश्लेषक कार्यालयाचा अंदाज असा, की ही सगळी परतफेड साधारण 35 वर्षे, दरवर्षी 50 कोटी डॉलरच्या आसपास चालेल. म्हणजे 10 अब्ज घ्यायचे आणि साडेसतरा अब्ज फेडायचे. ज्या शाळेला सहाव्या वर्षी आपण असू की नाही हे सांगता येत नाही, तिच्या भिंतींसाठी आपल्या नातवंडांच्या काळापर्यंत पुरणारे कर्ज काढणे मला तरी हिशेबात बसत नाही. त्यातच पटसंख्या घसरते आहे. लॉस एंजेलिस युनिफाइड या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये या शतकाच्या सुरुवातीला सात लाखांहून अधिक मुले होती, ती आता चार लाखांच्या आसपास आली आहेत.

भाडेकरू

मी एका लहान चार्टर शाळेच्या संचालक मंडळावर आहे, त्यामुळे माझे मत तटस्थ नाही हे आधीच सांगतो. आमची शाळा एका चर्चच्या सभागृहात भरते. दर शुक्रवारी दुपारी शिक्षक लिहायचे फळे, घडीची बाके आणि मधले पडदे आवरून कोठीत ठेवतात, कारण रविवारी तिथे प्रार्थना असते. सोमवारी सकाळी सात वाजता तेच शिक्षक पुन्हा वर्ग उभे करतात. या जागेचे भाडे शिकवण्यासाठी मिळालेल्या पैशातूनच जाते.

कुणी म्हणेल, 2000 सालच्या प्रपोझिशन 39 नुसार डिस्ट्रिक्टने चार्टरच्या मुलांनाही तुल्य दर्जाची जागा द्यायची आहे ना? आहे, पण ती एका वर्षापुरती. 1 नोव्हेंबरपर्यंत अर्ज करायचा, 1 फेब्रुवारीला प्राथमिक प्रस्ताव येतो, 1 एप्रिलला अंतिम, आणि पुढच्या वर्षी सगळे पहिल्यापासून. शिवाय त्याच प्रस्तावामुळे डिस्ट्रिक्टला स्थानिक रोखे 55 टक्के मतांवर मंजूर करून घेता येतात. आम्हाला मतदारांसमोर जाण्याचा अधिकारच नाही. आणि हे 60 कोटी खिरापत नव्हेत : मंजूर खर्चाचा निम्मा भाग अनुदान आणि उरलेला निम्मा शाळेचा वाटा, जो एकरकमी भरायचा किंवा वर्षानुवर्षे फेडायचा.

उंबरठा

मी डिस्ट्रिक्टच्या शाळेत शिकवते आणि आमच्याच आवारात एक चार्टर शाळा भरते. मैदानाच्या मधोमध पिवळी रेघ आखलेली आहे. जेवणाची खोली वाटून घ्यावी लागत असल्यामुळे आमच्या पहिलीच्या मुलांना पावणेअकराला जेवायला बसवतात. बोलण्यात अडखळणाऱ्या मुलांसाठी आम्ही जी खोली वापरत होतो, ती कागदोपत्री ‘रिकामी’ ठरली आणि पलीकडे गेली.

एवढे सोसूनही, त्यांना वेगळी इमारत बांधून द्या असे मी म्हणणार नाही. मुले तेवढीच राहतात, छपरे मात्र दोन होतात, आणि पट कमी झाला की दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून बंद होते ती आमची शाळा.

कोरडवाहू

घरपट्टीच्या बिलावर आधीच शाळांच्या रोख्यांच्या चार ओळी आहेत. आता पाचवी?

भाडेकरू

त्या ओळी स्थानिक रोख्यांच्या आहेत. राज्याचे रोखे सर्वसाधारण निधीतून फेडले जातात, म्हणून या धाग्यातल्या पैशाची ओळ घरपट्टीवर येणार नाही. अर्थात निधीत पैसा आपल्याच करांतून येतो, हे मान्य.

ह्यूस्टनकर

टेक्सासने तिसरी वाट काढली आहे. 1854 पासून चालत आलेल्या पर्मनंट स्कूल फंडाची, म्हणजे शाळांसाठी राखलेल्या राज्याच्या कायम निधीची, हमी डिस्ट्रिक्टच्या रोख्यांना पूर्वीपासून मिळत होती. 2011 च्या कायद्याने चार्टर शाळांनाही ती दिली आणि 2014 पासून ती प्रत्यक्षात मिळू लागली. शाळा स्वतःच कर्ज काढते, पण हमीमुळे त्या रोख्यांना सर्वोच्च पतमानांकन मिळते आणि व्याज कमी बसते. वाचलेल्या व्याजाचा काही भाग शाळेने राखीव निधीत भरायचा. कर्ज बुडाले तर झळ फंडाला लागतेच, तेव्हा ही हमी फुकटची नाही. तरी शाळेला स्वतःच्या पायावर उभी करण्याची सक्ती त्यात आहे आणि मला तीच महत्त्वाची वाटते.

सातारा_रोड

आपल्याकडच्या अनुदानित शाळांतही पगार सरकारचा आणि इमारत संस्थेची असतेच की. तिथे गावाने वर्गणी काढून, श्रमदान करून इमारती उभारल्या. इथे मालक कोण, हे अजून कुणीच सांगितलेले नाही.

सांजवात

नेमका तोच प्रश्न आहे. कॅलिफोर्नियाच्या योजनेत मालकी डिस्ट्रिक्टच्या नावावर ठेवता येते किंवा चार्टर संस्थेच्याही. शाळा बंद पडली, तर तिथे येण्याचा पहिला हक्क तिच्या जागी येणाऱ्या चार्टर शाळेचा असतो, म्हणजे इमारत सहजासहजी खाजगी हाती जात नाही. जुलै 2019 पासून नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना चार्टर शाळा चालवण्यास बंदीही आहे. एवढे वाचून माझा विरोध थोडा निवळला, पण मालकी डिस्ट्रिक्टकडेच असावी, ही अट मी सोडणार नाही. भाडेकरू, तुमच्या मंडळाला ती चालेल का?

भाडेकरू

मला चालेल. मंडळातल्या दोघांचे म्हणणे असे, की चर्चचे भाडेकरू होतो ते डिस्ट्रिक्टचे झालो, बदलले काय? शुक्रवारी पडदे आवरणाऱ्या शिक्षकांना मी अजून विचारलेले नाही.