नेत्यांच्या संदर्भात एम्पथी : सहानुभूती, समानुभूती की आणखी काही?

प्रश्न

एका लेखाचं संपादन करते आहे. राजकीय नेत्यांकडे एम्पथी, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची क्षमता, असेल तर त्यांचे स्वतःचेच निर्णय सुधारतात, असा लेखाचा रोख आहे. लेखकाने सगळीकडे 'सहानुभूती' वापरलंय आणि मी दर वेळी तिथे अडखळते. 'समानुभूती' करावं का? की करुणा, अनुकंपा, कळवळा यांपैकी काही बसेल?

प्रतिसाद

अडखळणं रास्त आहे. राजकारणाच्या मराठीत सहानुभूती उलट्या दिशेने वाहते, लोकांकडून नेत्याकडे. 'सहानुभूतीची लाट आली' म्हणजे मतदारांना नेत्याबद्दल वाईट वाटलं. नेत्याकडून लोकांना मिळते ती 'मागणीचा सहानुभूतिपूर्वक विचार करू' या वाक्यातली, आणि त्यातून अर्जदाराच्या हाती काही लागत नाही. समानुभूती घ्या.

प्रतिसाद

सहमत. बाकीच्या शब्दांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लेखाचा मुद्दाच त्यावर अवलंबून आहे.

दया आणि कीव वरून खाली येतात, त्यामुळे ते बाद. अनुकंपा हा सुंदर शब्द होता, पण नोकरीच्या 'अनुकंपा तत्त्वा'ने तो कार्यालयीन झाला. कळवळा खरा वाटतो, पण 'गरिबांचा कळवळा' इतक्या भाषणांत येऊन गेलाय की वाचक लगेच सावध होतो. करुणा आणि कणव उरतात. दोन्ही शब्दांत समोरचा माणूस दुःखात आहे हे गृहीत आहे.

एम्पथीला ती अट नाही. समोरचा संतापलेला असेल, घाबरलेला असेल, आपला कट्टर विरोधक असेल, तरी त्याच्या जागेवरून जग कसं दिसतं हे उमगणं म्हणजे एम्पथी. हा शब्द दुःखाच्या प्रांतातून आलेलाच नाही. रॉबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने 1873 मध्ये कलावस्तू पाहताना आपण भावनेने तिच्यात कसे शिरतो हे सांगण्यासाठी 'आइनफ्यूलुंग' ही संज्ञा वापरली. मानसशास्त्रज्ञ टिचनर यांनी 1909 मध्ये तिला 'एम्पथी' हा इंग्रजी प्रतिशब्द दिला. मूळ अर्थ 'आत शिरून अनुभवणं' असा. आपला 'परकायाप्रवेश' याच्या फार जवळचा आहे, फक्त तो नट आणि लेखकांसाठी राखीव झालाय.

नेत्यांच्या बाबतीत हा फरक किती महत्त्वाचा आहे याचं उदाहरण म्हणजे ऑक्टोबर 1962 मधला क्यूबाचा पेच. सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्यूबात होती आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचे कित्येक सल्लागार हल्ल्याच्या बाजूने होते. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची दोन पत्रं आली. पहिलं मवाळ, दुसरं ताठर. वाटाघाटींतून क्षेपणास्त्रं हटणार नाहीत असं केनेडींना वाटू लागलं, तेव्हा लुएलिन थॉम्पसन यांनी त्यांना तोंडावर विरोध केला. थॉम्पसन त्याआधी मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत होते, ख्रुश्चेव्हना जवळून ओळखत होते. त्यांचं म्हणणं असं, की ख्रुश्चेव्हना आपल्या लोकांना 'मी क्यूबा वाचवला' एवढं सांगता आलं तर ते माघार घेतील. केनेडींनी मवाळ पत्राला उत्तर दिलं, क्यूबावर आक्रमण न करण्याची तयारी दाखवली आणि तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढण्याचं गुप्त आश्वासन पोहोचवलं. 28 ऑक्टोबरला ख्रुश्चेव्हनी माघार जाहीर केली.

इथे कुणालाही ख्रुश्चेव्हची दया आली नव्हती, सहानुभूतीही नव्हती. तरी एम्पथी होती, आणि तिने अणुयुद्ध टळायला मदत केली. तेव्हाचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी उतारवयात या प्रसंगातून हाच धडा काढला : शत्रूच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. या वाक्यात 'सहानुभूती' घातली तर शत्रूशी सलगी केल्यासारखं वाटेल.

प्रतिसाद

पण 'सम' मला खटकतो. 'सह' म्हणजे सोबत. 'सम' म्हणजे तोच, सारखा. सत्तेवरच्या माणसाला सामान्य माणसाइतकाच अनुभव येतो असा दावा त्यात नाही का? जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं आपणच म्हणतो. 'परानुभूती' जास्त प्रामाणिक वाटतो.

प्रतिसाद

हरकत महत्त्वाची आहे. 'सम' शब्दशः खरा ठरावा असे प्रसंग थोडेच. 4 एप्रिल 1968 च्या संध्याकाळी कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी, अध्यक्ष केनेडींचे धाकटे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी इंडियानापोलिसमध्ये बहुसंख्य कृष्णवर्णीय जमावाला सांगितली. माझ्याही घरचा माणूस मारला गेला आणि मारणारा गोराच होता, हे ते तिथे बोलले. भावाच्या हत्येबद्दल ते जाहीरपणे सहसा बोलत नसत. अनेक अमेरिकी शहरांत दंगली उसळल्या, इंडियानापोलिस शांत राहिलं. केवळ भाषणामुळे, असं मी म्हणणार नाही, पण त्या रात्री त्या जमावासमोर दुसरं काय बोलता आलं असतं हे मला सुचत नाही.

अशी सामाईक जखम प्रत्येक नेत्याकडे नसते आणि असावी अशी अपेक्षाही क्रूर आहे. उलट सत्ता माणसाला इतरांच्या अनुभवापासून दूर नेते. 2006 मध्ये गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना स्वतःकडे सत्ता असलेला प्रसंग आठवायला लावलं, काहींना दुसऱ्याची सत्ता सोसलेला. मग कपाळावर इंग्रजी 'ई' काढायला सांगितलं. सत्ता आठवलेल्यांनी तो जास्त वेळा स्वतःला वाचता येईल असा काढला, समोरच्याला उलटा दिसेल असा. नेत्याच्या बाबतीत तर भोवतीची माणसंही त्याला आवडेल तेच सांगतात. म्हणून समानुभूती ही त्याच्यासाठी मनाच्या मोठेपणाइतकीच माहितीची गरज आहे. एखादा नियम रांगेतल्या शेवटच्या माणसाला कसा भोवतो, हे अहवालात येईलच असं नाही. ते विचारावं लागतं, आणि काय विचारायचं हे आधी जाणवावं लागतं.

परानुभूतीला माझा विरोध नाही. पण 'पर' आला की मला 'परदुःख शीतळ' ऐकू येतं. समानुभूतीतला 'सम' मी दाव्यापेक्षा दिशा म्हणून वाचते.

प्रतिसाद

लेखात एक सावधगिरी हवी. पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञाचा आक्षेप आहे की एम्पथी पक्षपाती असते : समोर दिसणाऱ्या, आपल्यासारख्या एका माणसावर ती झोत टाकते आणि न दिसणारे हजारो अंधारात राहतात. नेत्यासाठी हा धोका खराच मोठा आहे. आपल्याच समर्थकांचं दुःख तीव्रतेने जाणवणारा नेता इतरांशी निर्दयपणे वागू शकतो. म्हणून शब्द कुठलाही घ्या, पण 'कुणाविषयी' हे वाक्यात आलं पाहिजे. नुसतं 'नेत्यांत समानुभूती हवी' अपुरं आहे. 'ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्याविषयीही' एवढं तरी जोडा.

प्रश्नकर्ती

'समानुभूती' ठेवते, पहिल्या वापरापाशी एका वाक्यात अर्थ सांगते आणि 'कुणाविषयी' प्रत्येक ठिकाणी तपासते. क्रियापद कोणतं? लेखकाने 'सहानुभूती दाखवणे' लिहिलं होतं.

प्रतिसाद

'बाळगणे' किंवा 'असणे'. 'दाखवणे' फक्त जाहीर कृतीसाठी ठेवा. 7 डिसेंबर 1970 रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट वॉर्सात नाझींविरुद्धच्या ज्यू उठावाच्या स्मारकापुढे गुडघ्यांवर बसले, ते दाखवणंच होतं आणि पूर्ण अर्थाने खरं होतं. थॉम्पसनची समानुभूती मात्र बंद खोलीत होती. तिथे 'दाखवली' चुकेल.