बाबांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी गाडी ठेवू की महिंद्राची मोठी स्कॉर्पिओ-एन घेऊ?

महालकर:
घरी वाद सुरू आहे. लहान भाऊ म्हणते पद्मिनी काढून टाक अन् स्कॉर्पिओ-एन घेऊ. माझं म्हणणं एकच, गाडी गल्लीच्या मापाची पाहिजे. पद्मिनी दीड मीटरच्या आत बसते, स्कॉर्पिओ-एन १९१७ मिलिमीटर रुंद, म्हणजे हातभर जास्त, अन् नागपुरात बडकस चौकातून आमच्या गल्लीत शिरताना समोरून ई-रिक्षा आली की तो हातभरच भारी पडते. शिवाय उंच बोनेटच्या पुढं उभं असलेलं लेकरू ड्रायव्हरला दिसत नाही, पद्मिनीत चारही कोपरे दिसतात.

वर्धारोडवाला:
भाऊ, गाडी गल्लीतच फिरवणार का? आमच्याकडेही होती फियाट, म्हणजे पद्मिनीच. मे महिन्यात ४५ डिग्रीत व्हेपर लॉक व्हायचं, इंजिनच्या गरमीनं पेट्रोलची नळीतच वाफ झाली की पंप ओढतच नाही, मग आई पंपावर ओला फडका ठेवायची अन् आम्ही पोरं अर्धा तास बाभळीखाली. चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅग नाही. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या (गाडी आपटून पाहायच्या) चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी ५ स्टार मिळाले. १०८९ सीसीच्या गाडीत लेकराला बसवून समृद्धी महामार्गावर जाशील काय? मी तर नाही जाणार.

महालकर:
समृद्धीवर नेणारच नाही न. वर्षातून दोनदा बाहेरगावी जायचं तर भाड्यानं गाडी करतो. रोजचं काम इतवारी, गांधीबाग, बर्डी, एकटा माणूस सात सीटची गाडी घेऊन भाजीला जाते अन् अर्धा रस्ता अडवून ठेवते, हे मला खरंच चुकीचं वाटते.

सक्करदरा गॅरेज:
कागदाचं आधी पाहा. १९७९ ची गाडी अजून सरकारी हिशोबात विंटेज नाही, २०२१ च्या नियमात ५० वर्षं लागतात. अन् २०२९ नंतर व्हीए (विंटेज गाडीचा खास) नंबर घेतला तर रोज फिरवायला मनाई आहे, इतवारीत न्यायची असेल तर त्याच्या नादी लागू नका, साधी आरसीच दर ५ वर्षांनी रिन्यू करत राहा. व्हील सिलिंडर अन् ब्रेकचे होज (रबरी नळ्या) मात्र आताच बदला, जुनं रबर आतून फुगते अन् ब्रेक धरून बसते.

वर्धारोडवाला:
होज बदलून एअरबॅग येत नाही. मोठी नको तर नको, चार मीटरच्या आतली सहा एअरबॅगवाली नवी घे, पद्मिनी रविवारी काढत जा.

महालकर:
आत्ता टेप लावून आलो. वाड्याचा दरवाजा बरोबर ६ फूट, म्हणजे १८२९ मिलिमीटर, स्कॉर्पिओ आत येतच नाही, गाडी रात्रभर रस्त्यावर राहील. लेकराचं तुमचं मान्य आहे, त्याच्यासाठी छोटी नवी पाहतो. पद्मिनी विकत नाही. गॅरेजवाले भाऊ, सोमवारी होज बदलायला आणू काय?