आबांचा मुतखडा: कॉलेजच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर ऑपरेशन करतात का?

कोयनाकाठ:
आबा ६८ वर्षांचे. उजव्या किडनीत १८ मिमीचा खडा. पाटणच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून काढून घ्या म्हणून सांगितलंय. केशरी रेशनकार्ड आहे. आम्हाला कराडचं कृष्णा हॉस्पिटल जवळ पडतं, तेही मेडिकल कॉलेजचंच. मेव्हणे म्हणतात मिरजेला न्या, तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं, हात बसलेली माणसं. आबांचं एकच पालुपद, "पोरं माझ्यावर शिकणार. मी काय बेडूक हाय व्हय?"

मलकापूरकर:
कृष्णाचं कॉलेज तरी कुठं कालचं? १९८४ चं आहे. जवळचं बघा, डबा पोचवायला बरं.

गावभागातली:
आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन अशाच एका कॉलेजच्या दवाखान्यात झालं. नाव राहू दे.

पहिल्या दिवशी तीच हकीकत चौघांनी विचारली. इंटर्न, रेसिडेंट, लेक्चरर, शेवटी मोठे सर. तिसऱ्याला आई वैतागून म्हणाली, "लिहून देते, वाटून घ्या." पण चौथ्यांदा सांगताना तिलाच आठवलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पिशवीत तळाला होती ती, चष्म्याच्या डबीत! ऑपरेशन आठवडाभर पुढं गेलं. एकदाच विचारलं असतं तर काय झालं असतं, मला विचारच करवत नाही.

रेसिडेंट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढचं शिकणारा डॉक्टर. टेबलाशी सर होतेच. रात्री दोनला सलाईन सुजली तेव्हा धावत आली ती रेसिडेंटच, केसांचा अंबाडा सुटलेला, पायात दोन वेगळ्या चपला.

केसपेपरवर युनिट, म्हणजे आपल्याला बघणारा डॉक्टरांचा गट, लिहिलेलं असतं, त्याचा ओपीडीचा वार बघून जा. टाके दाखवायला मी आईला गुरुवारी नेलं, आमचा वार मंगळवार. भाडं वाया. चूक माझीच.

मिरजेचा:
कुठंही न्या, आधी महात्मा फुले योजनेच्या (सरकारची मोफत उपचाराची) आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला गाठा. रेशनकार्ड आणि आधार, दोन्ही अस्सल. त्याला विचारल्याशिवाय काउंटरला पैसे भरत सुटू नका. योजनेत बसलं तर पेशंटचं जेवण आणि घरी परतायचं भाडंही त्यातच असतं, लोक मागत नाहीत.

कोयनाकाठ:
कराडच ठरतंय. एक अडचण आहे. रेशनकार्डावर आबांचं नाव दगडू, आधारवर दगडूराव. (हसू नका, खड्याशी संबंध नाही.) चालेल का?

मिरजेचा:
हसलो, माफ करा. ॲडमिट व्हायच्या आधीच आरोग्यमित्राला दोन्ही कार्डं दाखवा. ऐनवेळी तहसीलला पळायला नको.