मिशनच्या शाळेतली माया

शाळांवरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की मिशनच्या शाळांत शिस्त फार, माया कमी. शिस्तीबद्दल वाद नाही. नखं वाढलेली दिसली की सिस्टर प्रार्थनेच्या रांगेतून बाजूला काढायच्या. पण मी बालवाडी ते दहावी वेंगुर्ल्याजवळच्या एका लहानशा शाळेत शिकले. इयत्तेला एकच तुकडी, त्यामुळे कुणाच्या घरची होडी चार दिवस रिकामी परततेय हे बाईंना न सांगता कळायचं. डबा नसलेल्या मुलाला "ऑफिसात जरा काम आहे" म्हणून बोलावणं यायचं आणि तो तोंड पुसत परतायचा. वर्गाला सगळं ठाऊक होतं, पण त्यावरून कुणी कुणाला चिडवलं नाही.

केरळहून आलेल्या सिस्टर आमच्याकडूनच मालवणी शिकल्या (शिव्यांसकट, असा माझा दाट संशय). ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला (त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला) गेली की आम्हाला मूल्यशिक्षणाचा तास. चवथीला आमच्याकडचे मोदक, नाताळात त्यांच्याकडच्या नेवऱ्या आणि दोदोल. धर्म बदल, असं मला कधीच कुणी म्हटलं नाही.

वेंगुर्ल्याचं मिशनशी नातं तसं जुनंच. प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट गोहीन १९१९ मध्ये इथेच जन्मला. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. आमच्या वर्गातून राजदूत कुणी निघाला नाही. नर्सा, मास्तर आणि एक बोटीवरचा इंजिनियर मात्र निघाले.

शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकं जमवतेय. तिकडचं कुणी असेल तर कळवा.