रायगडाचे मनोरे : विजयस्तंभ की राजवाड्याचे वैभव?

रायगडावरील गंगासागर तलावाच्या काठावरचे मनोरे एखाद्या विशिष्ट विजयाच्या स्मरणार्थ उभारले गेले, असे म्हटले जाते. त्यात थोडी भर घालतो. गडावरच्या जगदीश्वराच्या देवळातील संस्कृत शिलालेखात, शके १५९६ म्हणजे इ. स. १६७४ चा उल्लेख करून, गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी विहिरी, तळी, बागा, गजशाळा आणि राजवाडे यांच्याच ओळीत स्तंभांचीही गणना केली आहे, आणि ते स्तंभ म्हणजे हेच मनोरे असावेत, असे साधारणपणे मानले जाते. विजयाचा मात्र त्या लेखात शब्दही नाही. त्यामुळे ‘विजयस्तंभ’ ही नंतरची भाविक कल्पना असावी, असे माझे मत आहे; शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी सजलेल्या राजधानीला स्वतंत्र स्मारकाची गरज तरी काय होती!

मनोरे द्वादशकोनी असून जवळून पाहिल्यास दगडातील नक्षी अजूनही ओळखू येते. ते मुळात पाच मजली होते, असे सांगतात. वरचे मजले आज उरलेले नाहीत. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी गडाजवळच्या पोटल्याच्या डोंगरावरून केलेल्या तोफांच्या माऱ्याने गडावर आग भडकली आणि लाकडी बांधकाम जळाले, हे येथे ध्यानात घ्यावे.