घरी बनवलेलं पेडल दाखवायचं तर तळाचे स्क्रू काढून दाखवा

सहावी तार (धागा सुरू करणारा)

मागच्या रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर आम्ही अकरा-बारा जण आपापली घरी बनवलेली पेडलं घेऊन जमलो होतो. ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये जोडायची, पायाने दाबायची ही डबी. तिच्यातून गेलेला आवाज फाटतो, घोगरा होतो किंवा घुमतो. नऊ व्होल्टचा पुरवठा, चार-दोन ट्रान्झिस्टर किंवा एक आयसी (चिप), आणि सोल्डरिंगचा बरा हात एवढ्यावर ती घरी होते.

त्या दिवशीचं सगळ्यांत देखणं पेडल एका विशीतल्या मुलाचं होतं. भांडी बाजारातून आणलेला पितळी डबा, त्यावर स्वतः कोरलेली वेल, मधोमध पिवळा दिवा. हात लावावासा वाटेल असं काम. ‘सर्किट माझंच आहे’ असं तो म्हणाला. वाजवल्यावर मला आवाज ओळखीचा वाटला. विचारून तळाचे स्क्रू काढले. आत ४५५८ आयसी आणि फीडबॅकमध्ये (सिग्नल परत आत आणणाऱ्या वाटेवर) उलटसुलट जोडलेले दोन डायोड. म्हणजे आयबानेझ कंपनीने १९७९ मध्ये आणलेलं ट्यूब स्क्रीमर हे पेडल. मी तसं म्हटलं. मुलगा काही बोलला नाही, डबा उचलला आणि थोड्या वेळाने निघून गेला.

तेव्हापासून मनात घोळतंय ते इथे मांडतो. घरी बनवलेलं पेडल चारचौघांत दाखवायचं असेल तर झाकण उघडून दाखवावं आणि मूळ सर्किट कोणाचं ते आधी सांगावं. आपण सगळे दुसऱ्यांनी उघड्यावर ठेवलेल्या सर्किटच्या आकृत्यांवरूनच शिकलो. शिवाय खरी कारागिरी आतच असते. माझं पहिलं पेडल भयंकर गुणगुणायचं. दोन महिने मी ट्रान्झिस्टर बदलत बसलो होतो. शेवटी एकाला उघडून दाखवलं, तर तो बघताक्षणी म्हणाला, डब्याला आतूनही रंग दिलाय, जॅकचं (केबल खुपसायच्या भोकाचं) अर्थिंग पत्र्याला लागतच नाहीये. पॉलिश पेपरने जॅकभोवतीचा रंग घासला आणि गुणगुण गेली. वरचा रंग दाखवत बसलो असतो तर मला हे कोणी सांगितलं असतं?

मिक्सरमागची

मी त्या गच्चीवर होते, म्हणून लिहिते. तुम्ही ‘विचारून’ उघडलंत हे खरं. पण विचारलंत तेव्हा स्क्रू ड्रायव्हर तुमच्या हातात होता आणि भोवती दहा माणसं उभी होती. वीस वर्षांचा मुलगा तिथे नाही कसं म्हणणार, दादा?

आता मुद्द्याचं. मी कार्यक्रमांना साउंड करते. माझ्यापर्यंत पेडल येतं तेव्हा आत काय आहे याने मला काडीचा फरक पडत नाही. स्विच दाबल्यावर स्पीकरमधून ‘टप्प’ असा आवाज यायला नको (इनपुट आणि ग्राउंड यांच्या मध्ये एक मेगाओहमचा रेझिस्टर टाकायचा कंटाळा केला की तो येतो), जॅक सैल नको, गुणगुण नको. ते पितळी पेडल या तिन्हीत पास होतं. तिथे आलेल्या निम्म्या पेडलांबद्दल मी असं म्हणू शकत नाही, आणि त्यांचे मालक आकृतीसकट आले होते.

नक्कल म्हणाल तर मार्शलचा १९६२ चा पहिला अ‍ॅम्प फेंडर कंपनीच्या बेसमन या मॉडेलवरूनच उभा राहिला. त्याच्यापुढे उभं राहून कोणी मागची फळी काढायला सांगत नाही. आवाज ऐकतात.

सातपूर शिफ्ट

धागालेखकाशी सहमत. मी फिटर आहे. आमच्याकडे जॉब (बनवलेला भाग) तपासायला जातो तेव्हा कोणाचा अपमान होत नाही, ड्रॉइंग जोडलेलंच असतं. हे गाण्यातही आहे. बंदिश कोणाकडून मिळाली ते गायक कानाच्या पाळीला हात लावून सांगतो, त्याने त्याचं गाणं कमी होत नाही. ‘सर्किट ट्यूब स्क्रीमरचं, डबा माझा’ असं त्याने म्हटलं असतं तर तो डबा मी अर्धा तास हातात धरून बसलो असतो. पातळ पितळेला भोक पाडताना ड्रिल पत्रा ओढून घेतं, कडा फाटते. त्याची भोकं किती साफ होती बघितलंत का?

खिशाचा हिशेब

मुळात हा खटाटोप कशाला? सुटे भाग, डबा, वाया गेलेले बोर्ड आणि रविवार धरले तर घरचं एक पेडल स्वस्त पडत नाही. तेवढ्यात थोडी भर घालून शंभर आवाज असलेलं मल्टिइफेक्ट येतं. ज्याला वाजवायचंय त्याने वाजवावं.

सहावी तार

@खिशाचा हिशेब, पैसे वाचतात असं मी कुठेही म्हटलं नाही. आपल्या हातचं एक पेडल चालू होतं आणि त्यातून पहिला स्वर बाहेर पडतो, तो क्षण विकत मिळत नाही. त्यासाठी मी ते करतो.

@मिक्सरमागची, स्क्रू ड्रायव्हरचं तुमचं म्हणणं लागलं. पण ‘माझंच’ या शब्दाचं काय? त्याला मी आजही चूकच म्हणेन.

निफाडकर

थोडं वेगळं सांगतो, बसतंय का बघा. माझ्याकडे फझ फेसच्या धर्तीवरचं पेडल आहे. मूळ पेडल लंडनच्या आर्बिटरने १९६६ मध्ये काढलं, सर्किटमध्ये फक्त दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर. जर्मेनियम उष्णतेला फार हळवं. तापमान दहा अंश वाढलं की त्यातली विजेची गळती साधारण दुप्पट होते. आणि आमचं गाव कसं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारीत पहाटे पारा इतका उतरतो की द्राक्ष वाचवायला बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि मेमध्ये चाळिशी गाठतो. थंडीत गोड वाजणारं माझं पेडल मेमध्ये चिरकायचं आणि स्वर मध्येच तुटायचा.

पुस्तकी आकृतीत दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायाला ८.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. मी तो काढून तिथे ट्रिमपॉट, म्हणजे स्क्रू फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर, बसवला. आता ऋतू बदलला की मीटर लावून कलेक्टरवर साडेचार व्होल्ट आणतो, झालं. सर्किट साठ वर्षांपूर्वीचं, पण निफाडच्या हवेला जुळवलेलं. हे माझं म्हणू की नको? झाकण बंद ठेवलं तर हा ट्रिमपॉट कोणाला दिसणार नाही, म्हणून मी उघडूनच दाखवतो. पण ‘हा तर फझ फेस’ एवढंच बोलून कोणी झाकण लावलं तर मला वाईट वाटेल.

अंबडचा

मी महिन्याला दोन-तीन पेडलं विकतो. तुमचा नियम हौशी लोकांसाठी ठीक आहे. मी आतलं दाखवलं की पुढच्या महिन्यात तेच कोणीतरी निम्म्या भावात करून देतो. माझ्या कष्टाची किंमत कोण देणार?

सहावी तार

@अंबडचा, तुमची अडचण खोटी नाही. पण झाकल्याने ती सुटते का? अमेरिकेत १९९४ मध्ये क्लॉन सेंटॉर हे पेडल निघालं तेव्हा बनवणाऱ्याने बोर्डावर काळं इपॉक्सी (कडक होणारा गोंद) ओतून सगळं बुजवलं होतं. लोकांनी तेही खरवडून काढलं आणि आज त्याच्या नकला ढिगाने मिळतात. तरीही मूळ पेडलाची किंमत चढतच गेली. तुमचं गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं ते तुमच्या हाताच्या सफाईसाठी आणि बिघडलं तर तुम्ही दुरुस्त करून देता म्हणून.

अंबडचा

ते एक पेडल झालं. खरवडून नेलेली बाकीची किती बंद पडली असतील, त्यांची नावं आपल्याला माहीतही नाहीत. मला पटलं नाही.

पितळी डबा

तो मुलगा मी. लिहावं की नाही, चार दिवस ठरत नव्हतं.

‘सर्किट माझंच’ हे मी चुकीचं बोललो. घाबरलो होतो, सगळे मोठे होते. सुरुवात ट्यूब स्क्रीमरच्या आकृतीवरूनच केली.

पण दादा, तुम्ही आत बघितलंत तेव्हा आयसी आणि डायोड बघितलेत. ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरला लागून असलेला कपॅसिटर बघितलात का? मूळ आकृतीत तिथे ०.०४७ मायक्रोफॅरड असतो. त्यामुळे ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नलची वाढ) कमी होत जातो आणि जाड तारा पातळ वाजतात. आमच्या बँडमध्ये बेस वाजवणारं कोणी नाही, मी आणि ड्रमवाला दोघंच. मला खालचा आवाज हवा होता. तिथे मी ०.१ चा टाकला, म्हणजे ती सीमा ३४० हर्ट्झच्या आसपास उतरते. आधी ०.२२ लावून बघितला होता, तर सगळं चिखल झालं. हे तीन आठवड्यांचं काम होतं. तेवढंच माझं आहे. मला ते सांगायचं होतं आणि सांगताच आलं नाही.

सहावी तार

नाही बघितला. ४५५८ दिसला, दोन डायोड दिसले आणि मी बोलून मोकळा झालो. उघडून दाखवा म्हणणारा मीच, आणि उघडल्यावर नीट बघितलं नाही. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून माफीही इथे सगळ्यांसमोरच मागतो.

पुढच्या रविवारी पेडल आणशील का? कपॅसिटरचं तू स्वतः सगळ्यांना सांगावंस असं वाटतं. शक्य झालं तर बोर्डावर सॉकेट लाव. ०.०४७, ०.१ आणि ०.२२ एकामागून एक लावून ऐकता येतील.

पितळी डबा

आणतो. स्क्रू मात्र मी काढणार. सॉकेट लावतो. आणखी एक अडचण आहे, पायाने स्विच दाबला की पितळेचा पत्रा आत दबतो. काय करता येईल?

सातपूर शिफ्ट

पत्रा पातळ आहे, दबणारच. स्विचच्या खाली आतून पाच-सहा मिलिमीटर जाडीचा सागवानी तुकडा बसव, त्याला स्विचसाठी बारा मिलिमीटरचं भोक पाड आणि नट त्या लाकडावर आवळ. स्विचची आटे असलेली मान तेवढी लांब नसेल तर लाकडाऐवजी दोन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घे. पट्टी मी कापून देतो, डब्याचं आतलं माप कळव. पट्टीच्या कडा बोर्डाला टेकू देऊ नकोस, मध्ये जाड पुठ्ठा घाल.

मिक्सरमागची

रविवारी मी छोटा मिक्सर आणि दोन स्पीकर आणते. पण माझं मत तेच आहे. आधी झाकण लावून सगळी पेडलं ऐकायची, कोणाचं कुठलं ते न सांगता. स्क्रू ज्याला काढायचे त्याने त्यानंतर काढावेत.

निफाडकर

मला चालेल. येताना मीटर आणतो. गच्चीवर चारनंतर ऊन असतं, जमलं तर सकाळी ठेवा, नाहीतर माझं पेडल चिरकेल.