लिंकन म्हणे ‘फक्त सत्याचा वकील’! जरा दमानं घ्या

सातबारा: काल इथं कुणीतरी लिहिलंय, ‘लिंकन वकिली करताना फक्त सत्याची बाजू घ्यायचे, आजच्या काळ्या कोटवाल्यांनी शिकावं.’ वर टाळ्याच टाळ्या. अहो, १८४७ ची मॅटसन केस वाचा! केंटकीचा हा मॅटसन गुलामगिरीला बंदी असलेल्या इलिनॉय राज्यातल्या शेतावर राबायला आपले गुलाम आणायचा. जेन ब्रायंट आणि तिच्या पोरांच्या सुटकेचा प्रश्न कोर्टात आला, तेव्हा लिंकनसाहेब मालकाकडून उभे. हरले म्हणून ती बाई सुटली. हे शिकायचं?

काळा कोट: अर्धीच गोष्ट सांगताय. १८४१ मध्ये नॅन्स नावाच्या काळ्या बाईच्या विक्रीची नोट, म्हणजे पैसे देण्याची वचनचिठ्ठी, याच माणसानं इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टात रद्द करून घेतली. १८३७ मध्ये विधानसभेत ‘गुलामगिरी अन्यायावर उभी आहे’ असा लेखी निषेध नोंदवला. सोबत सही करायला एकटा डॅन स्टोन. आणि वकील आलेली केस घेतो. घोड्यावरून गावोगावची कोर्टं फिरायची, खाणावळीत एका खाटेवर दोघांनी झोपायचं, कामं बहुतेक उधारीवसुलीची. तिथं तत्त्वं निवडत बसलं तर चूल पेटत नाही.

सातबारा: नॅन्सच्या केसमध्ये अशील नॅन्स नव्हती हो. पैसे थकवणारा खरेदीदार होता, बेली. तेवढं सोयीनं गाळलंत.

खडूस मावशी: चूल म्हणे! इलिनॉय सेंट्रल रेल्वेची टॅक्सची केस जिंकून दिली आणि बिल लावलं ५,००० डॉलरचं. कंपनी देईना, तर १८५७ मध्ये तिच्यावरच दावा ठोकून वसूल केलं. आमच्या वकिलानं वाटपाच्या दाव्यात दर तारखेला ‘टायपिंगचे, झेरॉक्सचे’ करत पैसे काढले. सासरे गेले, दावा तिथंच.

काळा कोट: तारखा वकील देत नाही, मावशी. तुमचे दीरच मुदत मागत असतील.

खडूस मावशी: माझ्या दिरांना मध्ये आणू नका! तुम्ही सगळे एका माळेचे मणी. आमचा आणि समोरचा, दोघं कँटीनमध्ये एकाच बशीतली भजी खात होते. डोळ्यांनी पाहिलंय.

काळा कोट: मग काय मारामारी करायची? लिंकनही दिवसभर कोर्टात भांडून रात्री त्याच मंडळींत गप्पांचा फड जमवायचे.

रिकामटेकडा: भजी राहू द्या, पुढारी लिंकनकडे बघा. डिसेंबर १८४०, कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, मोडायला गडी सभागृहाच्या खिडकीतून उडी मारून पळाला! हजेरी आधीच लागलेली, उपयोग शून्य. आमच्याकडे अविश्वास ठरावाआधी सदस्य सहलीला नेतात. निदान हातपाय तरी शाबूत.

काळा कोट: आणि डफ आर्मस्ट्राँग? १८५८, खुनाचा खटला, ‘चांदण्यात पाहिलं’ म्हणणाऱ्या साक्षीदाराला पंचांग दाखवून खोटं पाडलं. फी? एक पैसा नाही.

सातबारा: बरं, ते दिलं तुम्हाला. पण पोरगा जुन्या मित्राचा होता. ओळखीतल्याला कुठलाही वकील फुकट लढतो.

खडूस मावशी: ओळखीतल्याला? आमचा वकील यांचा वर्गमित्र होता!